सोनकीला पलंगाखालून ओढू नका

«पाच आठवड्यांपूर्वी आम्ही एका शेल्टरमधून दोन-अडीच वर्षांची गावठी कुत्री दत्तक घेतली. मुलाने नाव ठेवलं सोनकी. आधी ती बांधकामाच्या साइटवर साखळीला होती. बिल्डिंग उभी राहिली, माणसं दुसरीकडे गेली, ही तिथेच राहिली. गळ्याभोवती अजून केस न उगवलेला गोल वळ आहे. दिवसभर पलंगाखाली असते. खाताना कोणी जवळून गेलं की गुरगुरते. छत्री, झाडू, वॉचमनची काठी दिसली की जीव तोडून भुंकते. गेल्या रविवारी मिस्टरांनी पट्ट्याला धरून तिला बाहेर ओढलं, तर त्यांच्या हाताला चावली. दोन दात लागले, रक्त आलं. सासूबाईंनी हळद दाबली. मिस्टरांचा मित्र म्हणतो, काट्यांचा पट्टा घाला, एकदा धाक बसला की सुतासारखी सरळ होईल. सासूबाई म्हणतात, देऊन या परत. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो रडतो. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. मी काय करू?»
— एक वाचक, डोंबिवली

ताई,

आधी मिस्टरांचा हात. त्यांनी रेबीजची इंजेक्शनं सुरू केली आहेत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. केली नसतील तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता त्यांना पाठवा. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात लस मिळते. सोनकीला शेल्टरमध्ये लस दिली असेल, तिचा कागदही तुमच्याकडे असेल, तरी जायचंच. रक्त आलेली जखम ही तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीची धरतात. तिथे नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं. रविवार उलटून गेला म्हणून घरी बसू नका, उशिरा का होईना, जायचं. सोनकीवर दहा दिवस लक्ष ठेवा आणि ती कशी आहे ते त्या डॉक्टरांना सांगा. पुढचे डोस घ्यायचे की थांबवायचे, हा निर्णय त्यांचा. आणि सासूबाईंना मायेने सांगा, अशा जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर उपाय नाही, म्हणून मी हे एवढं लावून धरते आहे.

आता सोनकी.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ती अशी का वागते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, आणि उत्तर तुम्हीच लिहून ठेवलं आहे. गळ्याभोवतीचा तो वळ. साखळी किंवा दोरी महिनोन्‌महिने एकाच जागी घासत राहते, तेव्हा कातडी सोलवटते, बरी होते, पुन्हा सोलवटते, आणि शेवटी तिथे केस उगवायचेच थांबतात. त्या गळ्याला माणसाचा हात लागला की पुढे काय होतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मिस्टरांनी नेमकं तिथेच धरलं आणि ओढलं. तिने दोन दात लावून सोडून दिलं. मनात आणलं असतं तर त्या जबड्याने हाताची चाळण झाली असती. ती «सोड» म्हणाली, आणि सोडल्याबरोबर थांबली. मिस्टरांवर मी रागावलेले नाही. पट्ट्याला धरून बाहेर काढणं आपल्याकडे सगळेच करतात, मीही केलं आहे. पण आजपासून त्या पट्ट्याला घरात कोणाचाही हात लागता कामा नये.

तिच्या बाकीच्या खोड्याही तशाच वाचा. साइटवर चार कुत्री आणि मजुरांच्या उरलेल्या भाताचा एक डबा. तिथे जी गुरगुरली नाही ती उपाशी राहिली. काठी, छत्री, झाडू या तिन्ही वस्तू हातातून वर उचलल्या की सारख्याच दिसतात. आणि पिल्लाचं जग ओळखून घ्यायचं वय असतं साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्या दिवसांत जे भेटलं ते आपलं, जे नाही भेटलं त्याची पुढे भीती. सोनकीला तेव्हा मिक्सर भेटला नाही, कुकरची शिट्टी भेटली नाही, आपोआप सरकणारं लिफ्टचं दार भेटलं नाही. तुमचं घर तिला घर वाटत नाही अजून. पाच आठवडे तुम्हाला खूप वाटतात. माझ्या भुऱ्याला माझ्यासमोर कुशीवर झोपायला सात महिने लागले होते.

भुऱ्याचं सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती तुमच्याकडून होऊ नये. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की तो दात दाखवायचा. मी चार महिने धरून चालले की याला माणसं आवडत नाहीत. मग दुसऱ्याच कशासाठी तरी डॉक्टरांकडे नेला आणि त्यांनी बॅटरी घेऊन त्याच्या उजव्या कानात पाहिलं. आत काळा चिकट मळ, त्याखाली जखम, आणि जवळ गेलं की आंबूस वास. तो वास मला घरात रोज येत होता, मी तो अंगाचा समजत होते. तीन आठवडे थेंब घातले. चौथ्या आठवड्यात त्याने स्वतः येऊन माझ्या गुडघ्याला कान घासला. छत्रीला तो तरीही घाबरायचा, सगळं काही कानाने झालेलं नव्हतं. पण चार महिने तो दुखतंय म्हणून सांगत होता आणि मी त्याला हट्टी म्हणत होते.

म्हणून प्रशिक्षकाच्याही आधी प्राण्यांचे डॉक्टर. कान, दात, नखं, कंबर आणि मागचे पाय नीट बघायला सांगा. साइटवरच्या कुत्र्यांना डंपरचा, दुचाकीचा धक्का बसलेला असतो, हाड वेडंवाकडं जुळलेलं असतं आणि वरून काही दिसत नाही. आपल्याकडे गोचिडांचा ताप फार, त्याची रक्ततपासणी करून घ्या. नेताना तिचा छळ होणार असेल तर आधी फोनवर बोला. प्रवासाच्या दिवशी भीती कमी करणारी गोळी डॉक्टर देऊ शकतात. पुढे दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर रोजच्या औषधाबद्दलही त्यांना विचारा. फ्लुओक्सेटीनसारखी भीती-चिंता कमी करणारी औषधं कुत्र्यांना देतात, गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात कमीपणा काही नाही. भीतीने डोकं भरून गेलेल्या जिवाला नवीन काही शिकता येत नाही, औषधाने ते जरा रिकामं होतं. स्वतःच्या मनाने मात्र घरातली कुठलीही गोळी देऊ नका.

आता पलंग. पलंगाखालची जागा तिची आहे, असं घरात जाहीर करा. तिथे कोणी वाकून बघायचं नाही, हात घालायचा नाही, झाडूही घालायचा नाही. केर काढायचा असेल तर ती बाहेर फिरायला गेलेली असताना काढा. पाण्याचं भांडं पलंगाच्या कडेला ठेवा, आत एक जुनं गोधडीचं पांघरूण सारा. तुम्ही म्हणाल, मग ती बाहेर येणारच नाही. येते. आत कोणी हात घालत नाही याची खात्री पटली की येते.

संध्याकाळी, घरातली गडबड ओसरली की, चिकनची काळीज-पेटी उकडून तिचे बोराच्या बीएवढे तुकडे करा आणि स्टीलच्या वाटीत घेऊन जमिनीवर बसा. पलंगापासून चार हात लांब, आणि पलंगाकडे पाठ किंवा कूस करून. तोंड करून नाही. डोळ्यांत डोळे घालणं तिच्या भाषेत भांडण असतं. पेपर वाचा, शेंगा सोला, काहीही करा. दोन-तीन मिनिटांनी एक तुकडा न बघता मागे सरकवा. तिने घेतला तर घेतला, नाही घेतला तर राहू दे. दहा मिनिटांनी उठून जा. बोलायचं नाही, «ये गं बाळा, ये गं» नाही, हात पुढे करायचा नाही. पहिले काही दिवस तुकडे तसेच पडलेले सापडतील आणि रात्री तुम्ही झोपल्यावर नाहीसे होतील. मग एक दिवस पाठीमागे नखांचा टक टक आवाज येईल. तेव्हा वळू नका, ताई. हे सगळ्यात अवघड असतं. तिला तुमची पाठ हुंगू द्या, चपला हुंगू द्या, आणि परत जाऊ द्या. जेव्हा हवं तेव्हा परत जाता येतं, हेच तर तिला आजवर कोणी मिळू दिलेलं नाही.

मिस्टरांनीही हे करावं, तुमच्यापेक्षा जास्त वेळ करावं. चावा त्यांना बसला आहे, त्यामुळे त्यांचा हात जवळ आला की त्यांनाही धडधडणार आणि तिलाही. जमिनीवर पाठ करून बसलेला माणूस दोघांनाही सोपा.

खाण्याचं भांडं. पहिली गोष्ट, ती खात असताना भांड्यात हात घालून «सवय लावणं» हा जो सल्ला सगळीकडे मिळतो, तो साफ चुकीचा आहे. ताट पुढ्यात असताना कोणी रोज हात घालू लागलं तर आपणही एक दिवस तो हात झटकू. आजपासून तिला एका खोलीत, दार लोटून, एकटीला जेवू द्या. भांडं उचलायचं ते ती खोलीबाहेर गेल्यावर. नुसत्या एवढ्याने घरातलं निम्मं गुरगुरणं थांबेल.

पंधरा दिवसांनी पुढचं. ती जेवत असताना तुम्ही दाराच्या चौकटीत या. तिने मान न उचलता आरामात खाणं चालू ठेवलं पाहिजे, एवढं अंतर हवं. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ते अंतर म्हणजे अख्खा हॉल झाला तरी चालेल. तिथून काळजाचा एक तुकडा तिच्या बाजूला टाका आणि लगेच निघून जा. परत येऊ नका. एका जेवणाला एकदा. काही दिवसांनी तुम्ही चौकटीत आलात की ती मान वर करून, कान सैल सोडून, «आलीस? आण» अशा डोळ्यांनी बघेल. ते दिसलं की अर्धं पाऊल पुढे. आणि तुम्ही दिसल्यावर ती भरभर गिळायला लागली, अंग ताठ झालं, मान भांड्यावर धरून डोळ्यांचा पांढरा कोपरा दाखवू लागली, तर तुम्ही फार जवळ आलात. दोन पावलं मागे, काही बिघडलं नाही. तोंडात चप्पल किंवा मोजा असेल तेव्हाही तेच, हिसकायचं नाही. लांब चिकन टाका, ती तिकडे गेली की चप्पल उचला. तिला काही गमावल्यासारखं वाटू नये.

या साऱ्यात तिचं गुरगुरणं मोडू नका, हे मी हात जोडून सांगते. कुत्रं एकदम चावत नाही. आधी तोंड फिरवतं, जीभ काढून ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, मग ताठ होतं, मग गुरगुरतं, मग हवेत दात वाजवतं, आणि यातलं कोणी काही ऐकलंच नाही तर चावतं. गुरगुरल्याबद्दल मार मिळालेलं कुत्रं घाबरायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. मग लोक म्हणतात, काही कारण नसताना चावलं. असं एक कुत्रं मी पाहिलं आहे. त्याला दोन महिने एका प्रशिक्षकाकडे ठेवलं होतं. आलं ते एकदम गप्प आणि आज्ञाधारक. तिसऱ्या आठवड्यात घरातल्या आजोबांच्या पोटरीचा लचका तोडला, आवाज न करता.

म्हणून काट्यांचा पट्टा नको. त्यातही तुमच्या सोनकीला, जिच्या गळ्यावर आधीच कोणाच्या तरी साखळीची खूण आहे. काटा टोचतो तेव्हा ती ज्याच्याकडे बघत असते त्याच्याशी ते टोचणं जोडते. समोर छत्रीवाला असेल तर छत्री आणखी भयानक होते, आणि समोर तुमचा मुलगा असेल तर काय होईल ते मला लिहवत नाही. मिस्टरांचे मित्र «आपण मालक आहोत हे दाखवलं पाहिजे» असंही म्हणत असतील. हे आलं कुठून ते त्यांना सांगा. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने १९४७ मध्ये कोंडलेल्या लांडग्यांवर निरीक्षणं लिहिली. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात घातले की ते वर्चस्वासाठी भांडणारच. पुढे डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाच्या लिखाणातून «अल्फा», म्हणजे कळपाचा दादा, हा शब्द सगळीकडे पोचला. आणि याच मेक यांनी १९९९ मध्ये स्वतः लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे असा सत्तेसाठी मारामारी करून झालेला कोणी दादा नसतो. ज्याने शब्द पसरवला त्यानेच तो मागे घेतला, आणि आपण अजून त्या शब्दापायी कुत्र्यांना उताणं पाडून दाबतो आहोत.

छत्री-काठीसाठी अंतर आणि चिकन, बस्स. पार्किंगच्या त्या टोकाला मुलाच्या बाबांनी मिटलेली छत्री घेऊन यावं, या टोकाला तुम्ही आणि सोनकी. छत्री दिसली, की चिकन. छत्री खांबाआड गेली, की चिकन बंद. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी छत्री, मग चिकन, तरच छत्री ही चिकनची वर्दी ठरते. ती भुंकायला लागली किंवा चिकन घेईना तर अंतर कमी पडलं. पाच मिनिटांत संपवा. पावसाळा येण्यापूर्वी सुरुवात केलीत तर बरं, नंतर रस्ताभर छत्र्याच असतात.

बाहेर नेताना छातीचा हार्नेस, आणि गळ्याच्या पट्ट्यालाही वेगळी दोरी, दोन्ही तुमच्या हातात. नवीन आणलेली घाबरट कुत्री एका फटाक्याला पट्ट्यातून मान सोडवून पळतात आणि मग सापडत नाहीत. हार्नेस ओढूनताणून चढवू नका. तो आठवडाभर तिच्या जेवणाजवळ नुसता पडू द्या, मग त्याच्या फटीतून तुकडा द्या. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. वेळ पहाटे पाच किंवा रात्री अकरानंतरची. सध्या फिरायला नेणं म्हणजे शू-शी आणि हुंगणं, लांबवर चालवायचं कारण नाही.

मुसक्याचंही आत्तापासून मनावर घ्या. बैलाला घालतात तसं जाळीचं, ज्यातून तिला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी, तोंड आवळणारं नको. जाळीला आतून दही लावा आणि तिचं तिला तोंड घालू द्या, रोज एकदा, बांधू नका. महिनाभराने त्याचा बंद दोन सेकंद लावा, मग पाच. डॉक्टरांकडे आणि लिफ्टमध्ये ते घातलं की तुमचाही जीव खाली पडेल.

मुलगा. त्याच्याशी सरळ बोला, नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. सोनकीला साइटवर कोणीतरी मारलं आहे, आणि तू तिचा मित्र व्हायचं असेल तर तुझं काम तिच्याकडे न जाणं हे आहे. दोघांना तुमच्या नजरेआड एका खोलीत मिनिटभरही ठेवू नका. त्याचे मित्र आले की सोनकी बंद दारामागे. मध्ये लावायला लहान मुलांसाठीचं जाळीचं फाटक मिळतं, ते आणा. त्याला एक वही द्या. त्यात रोज लिहायचं, सोनकीने आज किती वेळा ओठ चाटले, केव्हा जांभई दिली, तेव्हा घरात काय चाललं होतं. त्याच्याइतकं कोणी बारकाईने बघणार नाही, आणि त्याला तिच्याजवळ असल्यासारखं वाटेल.

सासूबाईंना या सगळ्यातून वगळू नका. दुपारी घरात त्याच असतात. एका जागी बसून हळू आवाजात पोथी वाचणारं, भाजी निवडणारं माणूस घाबरलेल्या कुत्र्याला फार आवडतं. भुऱ्या सगळ्यांत आधी माझ्या आईच्या पायाशी जाऊन बसला, जिला तो घरात नकोच होता.

सेक्रेटरींना एवढंच सांगा की कुत्रं पाळायला किंवा लिफ्टने न्यायला सोसायटी बंदी करू शकत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण त्याच भेटीत लसीचा कागद दाखवा, महापालिकेचा परवाना काढा, आणि ती लिफ्टमध्ये दुसरं कोणी नसतानाच, मुसकं घालून येईल हे आपणहून सांगा. शेजाऱ्यांची भीतीही खोटी नाही.

आणि आता सासूबाई म्हणतात ते. परत द्यायची का?

आज तरी मी नाही म्हणेन. तिने आजवर जे केलं त्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि ते कारण तुम्हाला टाळता येतं. पण हे सगळं करूनही ती कुठलीच खूण न देता चावायला लागली, मुलाच्या मागे जाऊ लागली, किंवा दोन दारं आणि एक फाटक सांभाळणं तुमच्या घराला जमतच नाही असं प्रामाणिकपणे लक्षात आलं, तर ज्या शेल्टरमधून आणली तिथे फोन करा आणि जे घडलं ते चाव्यासकट सगळं सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ती लहान मुलं नसलेल्या घरी जाईल. त्यात पाप नाही. एकटीने, कुढत, घाबरत कुत्रं सांभाळणारी बाई आणि ते कुत्रं, दोघांचेही हाल होतात, ते मी जवळून पाहिले आहेत. फक्त कोणाच्या फार्महाउसवर राखणीला देऊ नका, तिथे पुन्हा साखळीच आहे. आणि रस्त्यावर सोडू नका. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने उपासमार होईल असं प्राण्याला टाकून देणं गुन्हा आहे, आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणंही.

तीन महिने धरा. आज रात्री फक्त वाटी घेऊन पाठ करून बसा, बाकी काही सुरू करू नका. महिन्याने मुलाच्या वहीतली दोन पानं मला पाठवा, मी वाचून उत्तर देईन. आणि त्याआधी, दोन ओळींत, मिस्टरांचं पहिलं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं ते कळवा.